पदवीपुरते लेखन : अनिवार्य मराठीतील लेखनपरीक्षेची चिकित्सा
(विशेष संदर्भ : बुलडाणा जिल्हा)

प्रास्ताविक

विद्यापीठाची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला स्वतःच्या भाषेत सुसंगत असे चार परिच्छेद लिहिता आले पाहिजेत, या अपेक्षेला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. मतभेद संभवतो तो पुढच्या प्रश्नावर. ही अपेक्षा पूर्ण झाली हे विद्यापीठ कशावरून ठरवते? अमेरिकेतील काही विद्यापीठांनी यासाठी स्वतंत्र लेखनपरीक्षा ठेवली होती आणि ती उत्तीर्ण झाल्याशिवाय पदवी मिळत नसे. आपल्याकडे अशी स्वतंत्र परीक्षा नाही. ती अनिवार्य भाषेच्या पत्रिकेत सामावलेली आहे असे आपण गृहीत धरतो, आणि निबंध, पत्र, सारांश, बातमी, जाहिरात अशा प्रश्नांच्या रूपाने ती तेथे दिसतेही. हे गृहीतक कितपत खरे आहे ते प्रस्तुत लेखात तपासावयाचे आहे.

त्यासाठी बुलडाणा जिल्ह्याचा संदर्भ घेण्यास कारण आहे. वऱ्हाडच्या पश्चिम टोकाच्या या तेरा तालुक्यांच्या जिल्ह्यातील विद्यार्थ्याची परीक्षा घेणारे विद्यापीठ नेहमीच त्याच्यापासून दूर राहिले. उच्च शिक्षणासाठी नागपूरला जाणे ज्यांना शक्य होते त्यांच्या काळात तेथील हिस्लॉप व मॉरिस ही महाविद्यालये प्रथम कलकत्ता आणि नंतर अलाहाबाद विद्यापीठाला जोडलेली होती. १९२३ साली नागपूर विद्यापीठ आले, १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले. अंतर कमी होत गेले हे खरे. परंतु उत्तरपत्रिका लिहिणारा आणि ती वाचणारा यांचा परस्परांशी काही संबंध असू नये, हे तत्त्व कलकत्त्यापासून अमरावतीपर्यंत अबाधित राहिले. निःपक्षपातीपणासाठी ते आवश्यकही आहे. लेखनासाठी मात्र त्याची किंमत मोजावी लागते आणि ती कोणाच्या पदरी पडते, हा या विवेचनाचा गाभा आहे.

पत्रिकेतील एक प्रश्न

अनिवार्य मराठीच्या पत्रिकेची घडण प्राध्यापकवर्गाला परिचित आहे. नेमलेल्या पुस्तकातील गद्य विभाग, पद्य विभाग आणि त्यानंतर उपयोजित मराठी असा तिचा क्रम असतो. दीर्घोत्तरी प्रश्नांना पर्याय असतात, लघूत्तरी प्रश्न असतात, वस्तुनिष्ठ प्रश्नांची भर अलीकडच्या काळात पडली. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण वेगळे. उत्तीर्णतेसाठी सर्वसाधारणपणे पत्रिकेच्या एकूण गुणांचा विचार होतो. लेखनाच्या प्रश्नात किमान अमुक गुण मिळालेच पाहिजेत अशी अट नसते. परिणामी निबंधाचा प्रश्न कोरा सोडूनही विद्यार्थी अनिवार्य मराठीत उत्तीर्ण होऊ शकतो. वस्तुनिष्ठ प्रश्न, पाठांवरील पाठ केलेली उत्तरे आणि अंतर्गत गुण यांची बेरीज त्याला पुरते. विज्ञान शाखेत भाषेचा मुक्काम फार तर आरंभीच्या टप्प्यापुरता असतो, तेव्हा तेथे हा प्रश्न उपस्थितही होत नाही.

म्हणजे ज्या परीक्षेच्या आधारे ‘पदवीधराला लिहिता येते’ असे विद्यापीठ समाजाला सांगते, ती परीक्षा लेखनाबाबत काहीच सिद्ध करीत नाही. ही त्रुटी कोणा एका अभ्यासमंडळाची मानता येणार नाही. मराठी ही विद्यार्थ्याची स्वतःचीच भाषा, ती त्याला येतेच, तिची परीक्षा ती काय घ्यायची, ही समजूत तिच्या मुळाशी आहे. समजूत जुनी आहे. मुंबई विद्यापीठात १८६० च्या दशकात देशी भाषांना पदवी परीक्षांतून बाजूला सारण्यात आले आणि अभिजात भाषांना स्थान मिळाले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी दीर्घकाळ प्रयत्न केल्यावर १९०१ च्या सुमारास एम.ए.च्या परीक्षेत मराठीला प्रवेश मिळाला. मराठी विद्यापीठात परत आली ती वाचण्याचा व अभ्यासण्याचा विषय म्हणून. लिहावयाची भाषा म्हणून ती शिकवावी लागते, हा विचार त्या लढ्यात तितकासा पुढे आला नाही; आजही आलेला नाही.

‘कृषिप्रधान’ निबंधाचे स्वरूप

आता निबंधाचा प्रश्न जे विद्यार्थी सोडवितात, त्यांच्या लेखनाकडे वळू. साहित्यकृतीची चिकित्सा करताना जी साधने वापरली जातात तीच या लेखनाला लावून पाहण्यास हरकत नसावी. परीक्षेतील निबंध हाही एक लेखनप्रकार आहे. त्याची स्वतःची परंपरा, स्वतःचे संकेत आणि स्वतःचे प्रकाशक आहेत. विषयांची यादी सर्वांना पाठ असते : मोबाईल शाप की वरदान, पर्यावरणाचा ऱ्हास, वाढती बेरोजगारी, स्त्रीभ्रूणहत्या, शेतकऱ्यांच्या आत्महत्या.

यांपैकी शेवटचा विषय घेऊ. २००६ च्या जुलै महिन्यात पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदतीची घोषणा केली त्यांत बुलडाणा होता. कापूस आणि सोयाबीनचा हा प्रदेश आहे. जिल्ह्यातील महाविद्यालयांत बसलेल्या बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या घरी शेती आहे किंवा शेतमजुरी आहे. या विषयावर लिहिण्यासारखे ज्याच्याजवळ खरोखर काही आहे असा विद्यार्थी कोठे असेल तर तो येथे आहे. त्याचा निबंध बहुधा एकाच वाक्याने सुरू होतो : भारत हा कृषिप्रधान देश आहे.

या वाक्याचे कार्य काय, ते नीट पाहण्यासारखे आहे. ते खोटे नाही. त्यात शुद्धलेखनाची चूक होण्याची शक्यता कमी. ते कोणत्याही शेतीविषयक निबंधाला चालते. आणि मुख्य म्हणजे ते लिहिणाऱ्याला विषयापासून तात्काळ दूर नेऊन सुरक्षित जागी उभे करते. त्या एका वाक्यासरशी मोताळा किंवा सिंदखेडराजा तालुक्यातील एक शेत नाहीसे होते आणि त्याच्या जागी नकाशावरचा देश येतो. पुढे कारणांची मालिका येते : निसर्गाचा लहरीपणा, सावकारी कर्ज, हमीभाव, व्यसनाधीनता. मध्यंतरी संतवचन. शेवटी शासनाने आणि समाजाने काय केले पाहिजे याचा उपदेश. ‘आपण सर्वांनी मिळून’ हे शब्द शेवटच्या तीन ओळींत कोठेतरी असतातच. या लेखनात ‘मी’ नसतो, बाप नसतो, बँकेचे नाव नसते, पेरणीची तारीख नसते, बियाण्याच्या पिशवीची किंमत नसते. ज्याने दुबार पेरणी प्रत्यक्ष पाहिली आहे तो ‘निसर्गाचा लहरीपणा’ असे लिहितो, आणि परीक्षक त्याला मुद्दा म्हणून अर्धा गुण देतो.

विद्यार्थ्याला दोष देणे सोपे आहे. तथापि त्याचे वर्तन पूर्णपणे विवेकी आहे, हे मान्य केले पाहिजे. मूल्यांकन केंद्रावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे वेळेत संपवायचे असतात. उन्हाळी परीक्षेचे निकाल लागण्याआधी हिवाळी परीक्षेची तयारी सुरू होते. अशा घाईत परीक्षकाची नजर मुद्दे शोधते, ठळक अक्षर शोधते, पाने मोजते. अनपेक्षित सुरुवात असलेला, एकाच प्रसंगावर रेंगाळणारा, कारणांची यादी न देणारा निबंध या नजरेला अपूर्ण वाटतो. त्याला किती गुण द्यावेत याचे मोजमाप आदर्श उत्तरात सापडत नाही. विद्यार्थी हे जाणतो. बसस्थानकाजवळच्या दुकानात मिळणारा अपेक्षित प्रश्नसंच त्याला याहून निराळे काही सांगत नाही. परीक्षेतील लेखनाला परीक्षक असतो, वाचक नसतो. आणि वाचक नसलेल्या लेखनात खरे सांगण्याची गरज कोणालाच वाटत नाही.

पर्यावरण अभ्यासाच्या सक्तीच्या विषयाची कथा याच जातीची आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने २००३-०४ मध्ये पदवीच्या सर्व शाखांसाठी जो अभ्यासक्रम तयार केला, त्यात १०० पैकी २५ गुण क्षेत्रकार्यासाठी होते. परिसरातील एखादी नदी, टेकडी, तलाव पाहून त्यावर लिहावे, ही कल्पना उत्तम होती. बुलडाणा जिल्ह्याला तर लोणारसारखे विवर लाभले आहे. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्यामागे क्षारप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे दाखविले, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवराला रामसर दर्जा मिळाला. एका पदवीच्या विद्यार्थ्याला पाहण्यासारखे, विचारण्यासारखे आणि लिहिण्यासारखे एवढे सर्व जिल्ह्यातच असताना प्रकल्पाच्या वह्या मात्र ओझोनच्या थराने आणि हरितगृह परिणामाने भरलेल्या असतात. झेरॉक्सच्या दुकानात त्या मुखपृष्ठासह मिळतात.

परीक्षेबाहेरचा एक निबंध

बुलडाणा जिल्ह्याने मराठी गद्याला दिलेला सर्वांत महत्त्वाचा निबंध कोणत्याही परीक्षेसाठी लिहिला गेलेला नाही. ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा ग्रंथ १८८२ साली पुण्यात छापला गेला. ताराबाई बुलडाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत नोकरीस होते आणि मुलीला त्यांनी घरी शिकविले. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला १८८१ साली बालहत्येच्या आरोपावरून शिक्षा झाली. त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर जे ताशेरे ओढले गेले, त्यांना हे उत्तर होते. महात्मा फुले यांनी ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. पुढे या पुस्तकाचा जवळजवळ विसर पडला आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले.

या ग्रंथाचे वैचारिक मोल अनेक अभ्यासकांनी सांगितले आहे. त्याची पुनरुक्ती येथे नको. येथे प्रश्न एवढाच की, हे लेखन आजच्या लेखनपरीक्षेच्या कसोटीला लावले तर काय होईल. त्याची भाषा बोलीच्या जवळची आहे. वाक्ये लांबतात, मध्येच संबोधने येतात, उपरोध थेट तोंडावर येतो, म्हणी आणि घरगुती दाखले यांची रेलचेल असते. परिच्छेदांची रचना शिस्तबद्ध म्हणता येणार नाही. प्रमाणलेखनाच्या नियमांचा तर प्रश्नच उद्भवत नाही. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ चे आणि त्यांत चारांची भर पडून अठरा नियम झाले ते १९७२ साली. ‘विषयाची ओळख, कारणे, परिणाम, उपाय’ या साच्यात तो निबंध बसणार नाही. परीक्षकाने ‘विषयांतर’ असा शेरा मारला तर आश्चर्य वाटू नये.

असे असूनही त्या लेखनात परीक्षेतील निबंधात नसलेल्या दोन गोष्टी आहेत. लिहिणारीला कोणाला तरी उत्तर द्यायचे आहे, आणि ते कोणाला द्यायचे हे तिला पक्के ठाऊक आहे. एका निश्चित वाचकाशी असलेल्या या भांडणातून युक्तिवाद उभा राहतो, दाखले सुचतात, शब्द निवडले जातात. सुसंगती, मुद्देसूदपणा, योग्य उदाहरण हे आपण ज्यांना लेखनाचे गुण म्हणून शिकवितो, ते या गरजेचे परिणाम आहेत. गरज काढून घेऊन केवळ गुणांची मागणी केली की हाती गाईड उरते.

प्रत्येक पदवीधराने ताराबाई व्हावे असा याचा अर्थ नाही, आणि अशिक्षितपटुत्वाचा गौरव करण्याचाही येथे हेतू नाही. ताराबाईंना घरी शिकविणारे, पुस्तके आणि वृत्तपत्रे उपलब्ध असलेले वडील लाभले होते. आज महाविद्यालयात येणारी जी मुले-मुली घरातील पहिली पदवीधर ठरणार आहेत त्यांच्या घरी यांतले काहीही नसते. म्हणून तर महाविद्यालयाची जबाबदारी अधिक.

भाषा कोणाची?

‘मराठी त्याला येतेच’ या समजुतीचा आणखी एक पैलू जिल्ह्याच्या संदर्भात तपासला पाहिजे. घाटाखालचा विद्यार्थी ‘मले’, ‘तुले’ म्हणतो, ‘डोळा’चा ‘डोया’ करतो; मलकापूरकडे खानदेशी वळण ऐकू येते, देऊळगावराजाकडे मराठवाड्याचे. तांड्यावरून येणाऱ्या विद्यार्थ्याच्या घरी गोरमाटी बोलली जाते. शहरांतून उर्दू माध्यमातून आलेले विद्यार्थी आहेत. जळगाव जामोद तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला कोरकू आणि निहाली बोलणारी कुटुंबे आहेत. निहाली तर जगातील कोणत्याही भाषाकुलाशी निश्चित नाते न सापडलेली भाषा म्हणून भाषाशास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा विषय आहे. अशा घरातून आलेला विद्यार्थी अनिवार्य मराठीच्या वर्गात बसतो तेव्हा प्रमाण मराठी ही त्याची दुसरी, कदाचित तिसरी भाषा असते.

या सर्वांना एकच निबंध, एकच साचा आणि एकच लाल शाई. ऱ्हस्व-दीर्घाची चूक आणि विचाराची चूक यांत उत्तरपत्रिकेवर फरक दिसत नाही. ‘मले’ लिहिणारा विद्यार्थी पहिल्याच वर्षी हे शिकतो की स्वतःच्या तोंडचे शब्द धोक्याचे आहेत आणि दुसऱ्याचे पाठ केलेले शब्द सुरक्षित. प्रमाणभाषा शिकवू नये असे कोणी म्हणणार नाही. नोकरीचा अर्ज वऱ्हाडीत चालत नाही, हे त्याला व त्याच्या पालकांना आपल्याहून अधिक कळते. परंतु प्रमाणभाषा ही आधी सुचलेल्या मजकुरावर दुसऱ्या हाताने करावयाच्या संस्काराची बाब आहे. पहिला खर्डा ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत, आणि नंतर त्याची दुरुस्ती, हा क्रम असेल तर बोली अडथळा न राहता कच्चा माल ठरते. एका बैठकीच्या परीक्षेत खर्डा आणि दुरुस्ती यांना जागाच नसते. खाडाखोड दिसली की गुण जातात अशी विद्यार्थ्यांची ठाम श्रद्धा आहे, आणि ती सर्वस्वी निराधारही नाही.

गंमत अशी की मराठी गद्याचा आरंभ ज्या ग्रंथापासून मानला जातो तो आपल्याच विद्यापीठाच्या परिसरात, अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे, नेमक्या याच पद्धतीने सिद्ध झाला. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात चक्रधरांच्या आठवणी ठिकठिकाणच्या माणसांकडून गोळा केल्या, नागदेवाचार्यांपुढे ठेवून पडताळल्या, आणि मग ‘लीळाचरित्र’ आकाराला आले. ऐकणे, टिपणे, विचारणे, पुन्हा लिहिणे. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ आहे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जाही मिळाला.

स्वतंत्र परीक्षेचा मार्ग

यावर एक सरळ उपाय सुचविला जाऊ शकतो. लेखनाची परीक्षा वेगळी काढावी, ती उत्तीर्ण होणे पदवीसाठी बंधनकारक करावे. हा प्रयोग जगात झालेला आहे, तेव्हा त्याचे फलित पाहता येते. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या विश्वस्त मंडळाने १९७६ साली सर्व पदवीधरांसाठी लेखनक्षमतेची अट घातली. काही संकुलांनी त्यासाठी परीक्षा ठेवली, काहींनी लेखनाचा स्वतंत्र अभ्यासक्रम, काहींनी दोन्ही. परीक्षेच्या मार्गाने गेलेल्या ठिकाणी जे झाले ते आपल्याला ओळखीचे वाटेल. सर्व विषय पूर्ण झालेले विद्यार्थी एका निबंधासाठी अडकून राहिले. इंग्रजी ज्यांची घरची भाषा नाही अशांवर तो भार अधिक पडला. तयारीचे वर्ग निघाले आणि निबंधाचे साचेही तयार झाले. २०२० मध्ये महासाथीमुळे या परीक्षा स्थगित झाल्या आणि त्यानंतर विद्यापीठाचा कल अभ्यासक्रमाच्या मार्गाकडे झुकला. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने अशीच प्रावीण्य परीक्षा सुरू केली आणि २०१० साली बंद केली. परीक्षेला बसणाऱ्यांपैकी बहुतेक सर्व उत्तीर्ण होत असतील तर तिच्यावर होणाऱ्या खर्चातून हाती काय येते, हा तेथला प्रश्न होता.

दोन्ही उदाहरणे अमेरिकेतील आहेत आणि तेथील प्रत्येक गोष्ट आपल्याला लागू पडत नाही. तरी एवढे स्पष्ट होते की, अट कडक केल्याने लेखन सुधारत नाही. अमरावती विद्यापीठाच्या क्षेत्रात उद्या अशी परीक्षा आली तर तिचा पहिला अपेक्षित प्रश्नसंच परिपत्रकाच्या पाठोपाठ बाजारात येईल, आणि तिच्यात अडकणारा विद्यार्थी जळगाव जामोदचा आणि संग्रामपूरचा असेल.

मात्र उलट बाजूने, लेखनाची अट सैल ठेवण्याचे परिणाम कोणावर होतात तेही पाहिले पाहिजे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने २०१२ पासून राज्यसेवा मुख्य परीक्षेतील सामान्य अध्ययनाच्या पत्रिका बहुपर्यायी केल्या होत्या. त्या पुन्हा वर्णनात्मक करण्याचा निर्णय २०२२ साली जाहीर झाला तेव्हा २०२३ च्या आरंभी पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि नवी पद्धती २०२५ पर्यंत पुढे गेली. या आंदोलनाची थट्टा झाली. ती अन्यायकारक होती. ज्यांनी पदवीची तीन वर्षे आणि त्यानंतरची तयारीची वर्षे पर्यायांवर खुणा करण्यात घालविली, त्यांना एकाएकी २५० गुणांचा निबंध लिहा म्हटल्यावर ते घाबरणारच. २०२५ च्या परीक्षेपासून मराठीची ३०० गुणांची पत्रिका स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावी लागते, त्यासाठी २५ टक्के गुणांची अट आहे. जे विद्यापीठाने विचारले नाही ते आयोग विचारतो. पुण्यात राहून खासगी वर्गांत उत्तरलेखनाचा सराव करणे ज्यांना परवडते त्यांना ते जमेल. मेहकरच्या किंवा नांदुऱ्याच्या ज्या मुलीला गावीच राहून तयारी करायची आहे, तिच्यासाठी लेखन शिकण्याची शेवटची स्वस्त जागा महाविद्यालयाचा वर्ग ही होती.

शिकविणाऱ्याचे लेखन

येथे प्राध्यापकवर्गाविषयी दोन शब्द अपरिहार्य आहेत. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतील तिसरी पत्रिका जून २०१२ पासून वस्तुनिष्ठ झाली. त्यानंतर सेवेत आलेल्या पिढीला अध्यापनाची पात्रता मिळविताना एक परिच्छेदही लिहावा लागला नाही. २०१० च्या नियमावलीने पदोन्नतीसाठी शोधनिबंधांना गुण दिले आणि नियतकालिकांचे पेव फुटले. पुढे २०१८ साली वाङ्मयचौर्यविषयक विनियम आले, साम्याच्या टक्केवारीनुसार दंडाच्या पातळ्या ठरल्या. दहा टक्क्यांपर्यंत साम्य क्षम्य मानले गेले. आपल्या लेखनाची तपासणी आता संगणक करतो आणि तोही दुसऱ्याचे शब्द किती एवढेच मोजतो. म्हणणे काय आहे हे तो विचारीत नाही. विद्यार्थ्याचा ‘कृषिप्रधान’ निबंध आणि ‘प्रस्तुत विषयाचे महत्त्व अनन्यसाधारण आहे’ या वाक्याने सुरू होणारा शोधनिबंध यांचे गोत्र एकच आहे, हे कटू असले तरी नाकारता येत नाही.

वर्गातील शक्यता

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ च्या निर्णयाने जो श्रेयांक आराखडा दिला, त्यात भाषांसाठी क्षमतावर्धक अभ्यासक्रम, म्हणजे एईसी, आला. पहिल्या चार सत्रांत प्रत्येकी २ श्रेयांक, एकूण ८. त्यांतही मराठी आणि इंग्रजी यांची वाटणी. दोन श्रेयांकांना सुमारे तीस तासिका. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत तो लागू झाला. पूर्वीच्या अनिवार्य मराठीच्या तुलनेत भाषेचा वाटा आक्रसला, ही तक्रार रास्त आहे. परंतु नावात ‘क्षमता’ आहे आणि पाठ्यपुस्तकाचे ओझे हलके झाले आहे, तर या तीस तासिकांत विद्यार्थ्याकडून प्रत्यक्ष लिहून घेता येईल का, हे पाहण्याची संधीही आहे.

हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. वर्गात ८० विद्यार्थी आहेत असे समजू. प्रत्येकाने आठवड्याला एक पान लिहिले तर पंधरा आठवड्यांत १,२०० पाने होतात. पानाला पाच मिनिटे दिली तरी १०० तास तपासणीत जातात, आणि तासिका तत्त्वावरील अध्यापकाला मानधन मिळते ते घेतलेल्या तासिकेचे. तपासणीच्या तासाचे मिळत नाही. अनेक महाविद्यालयांत मराठीचा वर्ग त्याच्याच खांद्यावर आहे. तेव्हा दर आठवड्याच्या लेखनाची भाषा येथे कामाची नाही. सत्रात तीनच लेखने ठेवता येतील, मात्र प्रत्येक दोनदा लिहिलेले. पहिला खर्डा वर्गातच, शेजारच्या विद्यार्थ्याने वाचून त्यावर एक प्रश्न लिहायचा, त्या प्रश्नाला उत्तर देणारा दुसरा खर्डा अध्यापकाने वाचायचा. अशी ४८० पाने होतात. अध्यापकाच्या वाट्याला २४० येतात, म्हणजे त्याच हिशेबाने २० तास. हे भार वाढविणारे आहे, परंतु अशक्य नाही.

लेखनाचे विषय शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. पिकाच्या नुकसानीची सूचना द्यायची आहे असे समजू. ती काय आणि कोणाला, हे कळेल असे एक पान. २००५ च्या कायद्याखाली ग्रामपंचायतीला विचारलेला माहितीचा अर्ज, ज्यात प्रश्न असा विचारलेला असेल की टोलवाटोलवी करता येणार नाही. बंद पडलेल्या बसफेरीबाबत आगारप्रमुखांना पत्र. ग्रामसभेत झालेल्या चर्चेचा वृत्तांत. उपयोजित मराठीच्या अभ्यासक्रमात अर्ज आणि वृत्तांत आजही आहेत. फक्त त्यांतला तहसीलदार काल्पनिक असतो आणि अर्जदाराचे नाव अ. ब. क. असते. गावात सेतू केंद्रावर बसलेला मुलगा अर्ज टंकून देतो, पण काय लिहू असे तो विचारतो, तेव्हा घरातील पदवीधराने सांगायचे असते.

भ्रमणध्वनीवर आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत आणि ती मराठीत निबंध लिहून देतात. ‘कृषिप्रधान’ निबंध ती सफाईने लिहितात, किंबहुना गाईडपेक्षा शुद्ध. घरून लिहून आणलेल्या स्वाध्यायावर अंतर्गत गुण देण्याची पद्धत त्यामुळे निरर्थक झाली आहे. वर्गातील, डोळ्यांसमोरचे, हाताने केलेले लेखन पुन्हा महत्त्वाचे ठरते, आणि या अर्थाने परीक्षागृहाचा सर्वस्वी त्याग करता येणार नाही. फरक एवढाच करता येईल की विद्यार्थ्याने परीक्षेला येताना सत्रातील स्वतःचाच एक खर्डा सोबत आणावा, त्यावर सहाध्यायाने विचारलेला प्रश्न असावा, आणि परीक्षेच्या वेळात त्याने त्या खर्ड्याचे पुनर्लेखन करावे. दोन्ही कागद एकत्र जोडले जातील. परीक्षकाला मग विद्यार्थ्याने काय बदलले, काय गाळले आणि विचारलेल्या प्रश्नाला कोठे उत्तर दिले हे दिसेल. गुण देण्यासाठी त्याच्याजवळ काहीतरी ठोस असेल. अंतर्गत मूल्यमापन महाविद्यालयाच्याच हाती असल्याने त्यात हे आजही करता येते. विद्यापीठाच्या परीक्षेत ते आणायचे तर मूळ खर्डे कोणी आणि किती काळ जपून ठेवायचे, फेरतपासणीच्या वेळी ते ग्राह्य धरायचे का, आणि मुद्द्यांच्या यादीऐवजी बदलांना गुण देणारी मूल्यांकनाची सूचना कशी लिहायची, हे अभ्यासमंडळाला आधी ठरवावे लागेल.